चुन्याची निवळी

आमच्या इस्लामपूरच्या जुन्या घराला परसदार होते, आणि परसदारी मोरीच्या सांडपाण्यावर अळूचे रान माजलेले असे. ते कोणी लावले होते हे आजीलाही आठवत नव्हते. पावसाळा सुरू झाला की हत्तीच्या कानांसारखी पाने डोलू लागत, त्यांवर थेंब पाऱ्यासारखे पळत, आणि आम्ही मुले ते थेंब या पानावरून त्या पानावर नेण्याचा खेळ खेळत असू. भाजीचे अळू वेगळे, वडीचे काळ्या देठाचे अळू वेगळे, हा भेद आम्हांला अक्षरओळखीच्या आधी कळला होता. आजी चिरायला बसली की आईला हमखास बजावी, "कोरड्या हातानं चिरू नगंस बाई, आधी तेल लाव. आन् चिंच इसरू नगंस."

तेल कशाला आणि चिंच कशाला, हे त्या घरात कोणी कोणाला विचारले नाही. अळू खाजरे असते, एवढे उत्तर पुरे होते. पण त्या एका प्रश्नाच्या पोटात केवढा इतिहास दडलेला आहे, हे मला वयाच्या चाळिशीनंतर कळले. आणि जे कळले त्यात थोडा आनंद होता, तशी एक रुखरुखही होती. वाचकहो, दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना मुतखड्याची गोष्ट सांगायला बसलो आहे, याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण ही गोष्ट शेवटी जेवणाच्या ताटाचीच आहे.

अळूच्या पानात आणि देठात डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया असतात. कवितेतल्या नव्हेत, खऱ्याच. दोन्ही टोकांना अणकुचीदार असलेल्या स्फटिकांच्या जुड्या. ऑक्झॅलिक आम्ल आणि कॅल्शियम यांच्या संयोगातून त्या घडतात. झाडाला पळता येत नाही, म्हणून त्याने अंगात शस्त्रे बाळगली. कच्चे पान चावले की या सुया जिभेत आणि घशात रुततात. 1998 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी दाखवून दिले की एकट्या सुईचे हे काम नव्हे. सुईच्या अंगावर प्रथिने फोडणारे एक द्रव्य असते आणि तिच्या जखमेतून ते आत शिरते. म्हणजे विष लावलेला बाणच म्हणा ना! पान भरपूर शिजवले की ते द्रव्य निकामी होते. आंबटाने खवखव आणखी कमी होते, हा अनुभव तर घरोघरचा. हाताला लावलेले तेल सुईला कातडीपर्यंत सहज पोचू देत नाही. आजीने सूक्ष्मदर्शक कधी पाहिला नव्हता. पण तिचे उपाय बरोबर होते.

ऋषिपंचमीला आमच्याकडे बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही असा दंडक. नांगरट न करता आपोआप उगवलेले तेवढेच त्या दिवशी चालते. म्हणून त्या भाजीत अळू, सुरण, भोपळा यांना मानाचे पान. त्यांतले अळू आणि सुरण हे दोघेही खाजरे आणि या सुयांचे धनी. ज्या ऋषींनी रानातल्या कंदमुळांवर दिवस काढले, त्यांना हा घास निर्धास्त गिळता येण्यापूर्वी कितीजणांचे घसे सुजले असतील! दुष्काळात तर ही परीक्षा सगळ्या गावाला द्यावी लागे. 1902 साली गॅमी नावाच्या इंग्रज वनस्पतितज्ज्ञाने मुंबई इलाख्यात दुष्काळाच्या दिवसांत लोक कोणकोणत्या रानवनस्पती खातात याची टिपणे प्रसिद्ध केली. लोकांनी पोटाच्या आगीत शिकलेली विद्या तेव्हा कोठे कागदावर आली.

आता या आम्लाच्या नावाकडे वळू. पावसाळ्यात कुंपणाच्या कडेला तीन-तीन पाकळ्यांच्या पानांची, पिवळ्या फुलांची आंबुशी उगवते. शाळेच्या वाटेवर ती तोडून चघळली नाही असा मुलगा निदान आमच्या पिढीत तरी नव्हता. संस्कृतात हिला चांगेरी म्हणतात, आणि चरकाच्या ग्रंथात पोटाच्या विकारांवर चांगेरीचे तूप सांगितले आहे. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या कुळाला ग्रीक भाषेतल्या 'आंबट, तीक्ष्ण' या अर्थाच्या शब्दावरून 'ऑक्झॅलिस' हे नाव दिले, आणि तिच्या आंबटपणाचे आम्ल ते ऑक्झॅलिक आम्ल झाले. आमच्या आंबुशीत आणि त्यांच्या ऑक्झॅलिसमध्ये नावापुरताही फरक नाही; दोन्ही नावांचा अर्थ आंबटच.

पण खरी गंमत पुढे आहे. 1776 च्या सुमारास स्वीडनमध्ये बर्गमन आणि शेले या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी हे आम्ल तयार केले ते साखरेपासून. साखरेवर त्यांनी नायट्रिक आम्लाची क्रिया केली आणि हाती पांढरे स्फटिक आले. त्यांनी त्याला नाव दिले 'साखरेचे आम्ल'. आंबट पानांतले आम्ल आणि साखरेचे आम्ल ही एकच वस्तू आहे हे शेलेने 1784 साली दाखवून दिले. उसाच्या मुलखात जन्मलेल्या मला हे वाचून हसू आले. ज्या साखरेवर आमचा सारा वाळवा तालुका उभा, तिच्यातून पहिल्याने निघाले ते हेच आम्ल! पुढे 1824 साली व्होलर या जर्मन शास्त्रज्ञाने ते सजीव वस्तूची मदत न घेता प्रयोगशाळेत बनवले. त्याचा युरियाचा प्रसिद्ध प्रयोग 1828 चा. म्हणजे तो मान खरे तर या आंबट आम्लाने चार वर्षे आधीच मिळवला होता.

आमच्याकडच्या शेतकऱ्याने मात्र हे आम्ल काचेच्या भांड्यात शोधले नाही. त्याने ते धोतराने टिपले. हरभरा ऐन भरात आला की पहाटे त्याच्या अंगावर दव पडते, आणि ते दव आंबट होते. त्या पिकावर धुतलेले फडके रात्री पसरून पहाटे पिळले की जे पाणी निघते ती हरभऱ्याची आंब. पोटदुखीवर, अजीर्णावर ती बाटलीत भरून ठेवायची रीत होती. तिच्यात मॅलिक आम्ल असते आणि त्याबरोबर हे ऑक्झॅलिक आम्लही. थेंबभर घेतले तर औषध, आणि फार घेतले तर घात. आपल्या वैद्यांना हे पक्के माहीत होते. मात्रेवाचून औषध नाही असे ते म्हणत.

घात कसा होतो, आता ते पाहू. ऑक्झॅलिक आम्लाला कॅल्शियमची विलक्षण ओढ. दोघे भेटले की त्यांचा स्फटिक होतो, आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ही भेट आतड्यात झाली तर स्फटिक शौचावाटे निघून जातो आणि कोणाला कळतही नाही. पण ऑक्झॅलेट एकटेच रक्तात शिरले आणि मूत्रपिंडात पोचून तेथे त्याची कॅल्शियमशी गाठ पडली, तर तेथे खडा धरतो. आज जे मुतखडे निघतात त्यांतले बहुसंख्य, म्हणजे शंभरांतले सत्तर-ऐंशी, मुख्यतः कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात. हे ऑक्झॅलेट सगळेच अन्नातून येते असेही नाही. शरीर स्वतःही ते तयार करीत असते.

मुतखडा हा माणसाचा फार जुना सोबती. ग्रीकांच्या हिपोक्रेटिसची शपथ प्रसिद्ध आहे; तीत वैद्य म्हणतो की मी खडा काढण्यासाठी शस्त्र चालवणार नाही, ते काम त्यातल्या जाणत्यांना सोडीन. आमच्या सुश्रुताने मात्र शस्त्र हातात घेतले. त्याच्या संहितेत अश्मरीचे निदान आणि तिची शस्त्रक्रिया स्वतंत्र अध्यायांत आहे. खडा कसा होतो हे सांगताना त्याने दिलेला दृष्टान्त कोणत्याही गृहिणीला पटेल. नव्या घागरीत स्वच्छ पाणी भरले तरी काही काळाने तळाशी गाळ बसतोच. खड्याचेही तसेच, असे तो म्हणतो. शस्त्रक्रिया केली नाही तर मरण निश्चित आहे आणि केली तर संशय आहे, म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच हे काम करावे असे त्याने बजावले आहे. खडा काढताना तो फुटू देऊ नये, कारण कण मागे राहिला तर तो पुन्हा वाढतो, हेही त्यानेच सांगितले.

सुश्रुताने अश्मरीचे चार प्रकार मानले. त्यांतल्या वातज प्रकाराचे वर्णन वाचताना मी दचकलो. काळपट रंगाचा, कठीण, खरखरीत, वेडावाकडा, आणि कदंबाच्या फुलासारखा सर्वांगावर काटे असलेला, असा तो खडा. 1797 साली लंडनच्या वोलॅस्टनने खड्यांची रासायनिक परीक्षा केली, तेव्हा अशाच काटेरी, काळपट खड्याला इंग्रज शस्त्रवैद्य 'तुतीचा खडा' म्हणत असत. तो खडा ऑक्झॅलेटचा, हे वोलॅस्टनने ठरवले. इंग्रजाला त्यात तुतीचे फळ दिसले, आमच्या माणसाला कदंबाचे फूल दिसले, वस्तू एकच. पहिल्याने तिचे नाव शोधले, दुसऱ्याने शेकडो वर्षे आधी तिचे रूप टिपून ठेवले. दोघांचेही मला सारखेच कौतुक वाटते.

त्या काळच्या शस्त्रक्रियेचे धाडस काय असेल याची कल्पना सॅम्युअल पीप्सवरून येते. लंडनचा हा प्रसिद्ध रोजनिशीकार 26 मार्च 1658 रोजी, भूल नावाची गोष्ट नसताना, खडा कापून घेऊन जगला. आणि पुढे तो दिवस सणासारखा मेजवानी देऊन पाळू लागला. आपण दिवाळी करतो नरकासुर मेला म्हणून. पीप्स करी खडा गेला म्हणून.

हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकात मुतखडा हे शस्त्रवैद्याचे रोजचेच काम होते, आणि दुःखाची गोष्ट अशी की रोग्यांत लहान मुलगे फार असत. 1878 साली बॉस्टनच्या बिगेलोने खडा आतल्या आत फोडून धुऊन काढण्याची रीत आणली. ती लहान मुलांवर चालणार नाही असे मोठमोठे म्हणत असताना इंदूरच्या कीगन या डॉक्टरने होळकरांच्या त्या नगरीत मुलांवर ती यशस्वी करून दाखवली. आमच्या बाजूला ही कीर्ती मिरजेने मिळवली. कॅनडात जन्मलेल्या डॉ. विल्यम वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल 1894 साली तेथे सुरू झाले, आणि कृष्णा-वारणेच्या काठची माणसे गाड्या जुंपून तेथे जाऊ लागली. "त्याला मिरजेला न्हेलंय" एवढे वाक्य कानी पडले की आमच्याकडे आजाराचे गांभीर्य कळे. पुढे विचारावे लागत नसे.

आता माझ्या घराकडे वळतो. 1989 साली, मी नऊ-दहा वर्षांचा असताना, अण्णांना मुतखडा झाला. अण्णा म्हणजे माझे वडील. अंगाने दणकट, रानात दोन माणसांचे काम एकटे उरकणारे. त्या रात्री ते सोप्यात जमिनीवर गडबडा लोळत होते आणि आम्ही भिंतीला टेकून रडत होतो. ते रूप मी विसरलो नाही. एका शहरातल्या दवाखान्यात त्यांना नेले. खडा पडला, ते घरी आले, आणि येताना कागदावर एक यादी घेऊन आले. अळू बंद. पालक, चुका, टोमॅटो बंद. आणि त्याखाली ठळक अक्षरांत : दूध, दही, ताक बंद. खडा कॅल्शियमचा असतो, दुधात कॅल्शियम असते, सबब दूध नको. मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्यालाही पटावा असा हा हिशेब होता. तो त्या दवाखान्याचाच होता असेही नाही. त्या काळी जगभरच्या डॉक्टरांची तीच शिकवण होती. अण्णांनी तो कागद देवघराच्या फळीवर ठेवला आणि शेवटपर्यंत शब्दशः पाळला.

आमच्या दावणीला तेव्हा कपिली नावाची गाय होती. 1991 च्या हिवाळ्यात उसाचा हंगाम जोरात होता. साखराळ्याच्या कारखान्याकडे गाड्यांची रांग लागलेली. ऊसतोडणीच्या टोळ्या उसाचे शेंडे कापून त्यांच्या पेंड्या विकत. त्याला आमच्याकडे वाडे म्हणतात. हिरवेगार, गोड आणि स्वस्त. कडब्याचा भाव चढलेला. मग कोण सोडतो? आम्ही कपिलीला सकाळ-संध्याकाळ वाडेच घातले. दोन-अडीच महिने गेले आणि गाय उतरली. दूध आटत चालले, ती गाभण राहीना, दरवेळी उलटू लागली. उठताना मागचे पाय लटपटू लागले. आजीने दृष्ट काढली. शेवटी शेजारचे तात्या आले. त्यांनी गव्हाणीत पाहिले, गाईच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अण्णा, वाडं घालतायसा नव्हं रोज? मग निवळी पाजा की. नुसत्या वाड्यावर गाय हाडातनं जाती."

निवळी म्हणजे चुन्याची निवळी. कळीचा चुना विरवून भरपूर पाण्यात घालायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, आणि सकाळी वर आलेले नितळ पाणी तेवढे अलगद काढून जनावराच्या पाण्यात वा वाड्यावर शिंपडून द्यायचे. दुसऱ्या दिवसापासून हे काम अण्णांनी आपल्याकडे घेतले. वाडे निम्मे केले, कडब्याची कुट्टी त्यात मिसळली. महिन्या-दीड महिन्यात कपिली सावरली, आणि पुढच्या पावसाळ्यात तिला कालवड झाली.

वाड्यात ऑक्झॅलेट पुष्कळ असते, हे मला पुढे कळले. ते गाईच्या पोटात चाऱ्यातले कॅल्शियम बांधून टाकते आणि हाडांना, दुधाला काही उरू देत नाही. चुन्याच्या निवळीतून कॅल्शियम मिळते. ऑक्झॅलेटचे तोंड त्यावरच बंद होते आणि दोघे मिळून शेणावाटे बाहेर पडतात. ही गोष्ट आमच्याच मुलखाची आहे असे नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागात हॅलोजेटन नावाचे ऑक्झॅलेटने भरलेले तण पसरले आणि 1940 नंतरच्या वर्षांत त्याने मेंढ्यांचे कळपच्या कळप मारले. ते आवरण्यासाठी 1952 साली तेथे खास कायदा करावा लागला. उलट, जी जनावरे असा चारा हळूहळू खायला शिकतात ती तगतात, कारण त्यांच्या पोटात ऑक्झॅलेटवरच जगणारे जंतू वाढतात. त्या जंतूचे रीतसर नामकरण 1985 साली झाले. तो माणसाच्या आतड्यातही आढळतो.

आता वाचकांच्या लक्षात आलेच असेल. अण्णा रोज पहाटे उठत, हंड्यातली निवळी काढत, कपिलीला पाजत. मग तिची धार काढत, चरवी आईच्या हाती देत, आणि स्वतः कोरा चहा पिऊन रानात जात. एकाच छपराखाली, एकाच उपद्रवावर, गाईला कॅल्शियम पाजत होते आणि माणसाचे कॅल्शियम तोडले होते. आणि ते पाजणारा व तोडणारा माणूस एकच होता. आम्हा कोणालाही त्यात विसंगती दिसली नाही. गाईचे शास्त्र तात्यांचे, माणसाचे शास्त्र कागदाचे. दोघांची गाठ कोण घालणार?

तशी गाठ घालण्याची संधी याआधीही आली होती. निलगिरीतल्या कुन्नूरला रॉबर्ट मॅककॅरिसन हे आहारशास्त्रज्ञ उंदरांवर प्रयोग करीत. गरिबांचे निकस अन्न दिलेल्या उंदरांना मूत्राशयात खडे होत आणि त्या अन्नाला दुधाची जोड दिली की ते टळत, असे त्यांना आढळले; हिंदुस्थानातल्या मुतखड्याच्या कारणांवरचा त्यांचा लेख 1931 साली प्रसिद्ध झाला. ते खडे वेगळ्या जातीचे होते, मूत्राशयाचे होते, हे खरे. पण दूध हा खड्याचा शत्रू असू शकतो, ही गोष्ट आपल्याच देशात तेव्हा सांगितली गेली होती.

पुढे 1993 साली अमेरिकेत कर्हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 45,619 पुरुषांच्या आहाराचा चार वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम जास्त, त्यांना मुतखडा कमी! सगळ्या शिकवणीच्या हे उलट होते. मग 2002 साली इटलीतल्या बोर्गी यांनी वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांचे दोन गट केले. एका गटाचे दूधदुभते तोडले. दुसऱ्याला कॅल्शियम नेहमीइतके दिले, मात्र मीठ आणि मांस कमी केले. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या 23 जणांना पुन्हा खडा झाला. दुसऱ्यातल्या 12 जणांना. कारण तेच, तात्यांचे. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला गाठते. ते तोडले की ऑक्झॅलेट मोकळे सुटून मूत्रपिंडाकडे धावते.

हे मला कोणी सांगितले? 2022 साली मलाही मुतखडा झाला. घराणे चालवायचे म्हणजे असे! माझा एक जुना विद्यार्थी आता डॉक्टर आहे. त्याने तपासले, आणि मी आपणहून म्हणालो, "दूध-ताक बंद करतो." तो हसून म्हणाला, "नको सर. उलट जेवणात ताक घ्या. मीठ कमी करा आणि पाणी भरपूर प्या." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. अण्णांचा कागद मला आठवला. एकोणीस वर्षे त्यांनी दुधाला स्पर्श केला नव्हता. त्या काळात खडा आणखी दोनदा झालाच. शेवटच्या वर्षांत ओल्या पायरीवरून घसरल्याचे निमित्त होऊन त्यांचे खुब्याचे हाड मोडले, आणि 2008 साली ते गेले. दूध बंद केल्यानेच हाड मोडले असे मी म्हणणार नाही; म्हातारपणी हाडे मोडतात. पण दारच्या गाईचे दूध घरात असताना त्या माणसाने कोऱ्या चहावर काढलेल्या सकाळी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. दोष कोणाला द्यावा? डॉक्टरांनी त्यांच्या पुस्तकाप्रमाणे सांगितले, आणि अण्णांनी शहाण्या रोग्याप्रमाणे ऐकले. 1993 नंतर कोणीतरी येऊन तो फळीवरचा कागद बदलायला हवा होता, एवढेच. शास्त्र आपली चूक दुरुस्त करते, पण ती दुरुस्ती खेड्यातल्या देवघराच्या फळीपर्यंत पोचायला फार वेळ लागतो.

म्हणून जे मला कळले ते सणाच्या निमित्ताने इतरांच्या फळीवर ठेवतो. ऑक्झॅलेट पालकात फार. शंभर ग्रॅम पालकात अर्ध्या ग्रॅमपासून एक ग्रॅमपर्यंत. माठ, राजगिरा, चाकवत, चुका, घोळ, अळू यांतही ते बरेच. तीळ, काजू, बदाम यांतही आहे. मेथीत आणि कोबीत फारच थोडे. ज्याला कधी खडा झाला नाही अशा निरोगी माणसाने पालेभाजीला भ्यावे असे यात काही नाही. अशी भीतीही इतिहासात होऊन गेली आहे. 1840 नंतर लंडनच्या गोल्डिंग बर्डने लघवीतले ऑक्झॅलेटचे स्फटिक दाखवल्यावर उदासपणापासून अजीर्णापर्यंत सगळ्याचे खापर त्यांवर फोडायची तेथे फॅशनच आली होती. उलट बेफिकिरीही होऊन गेली. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये अन्नटंचाई झाली तेव्हा रुबार्ब या भाजीची, एरवी टाकून द्यायची, पाने खा असा सल्ला दिला गेला. माणसांना विषबाधा झाली आणि तो सल्ला मागे घ्यावा लागला. भीतीही नको, बेफिकिरीही नको.

आपल्या बायकांनी मधला मार्ग केव्हाच काढून ठेवला आहे. चाकवत ताकातला, पालक ताकातला. ही जोडी चवीसाठी जमली असेल, पण ताकातले कॅल्शियम पानातल्या ऑक्झॅलेटला जेवणाच्या ताटातच गाठते. भाजी उकळून पाणी टाकले की विरघळणारे ऑक्झॅलेट बरेचसे निघून जाते. आमच्या पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांत खड्यावर हुलग्याचे माडगे पाजतात, आणि कुळीथ अश्मरीनाशक असल्याचे आयुर्वेदानेही सांगितले आहे. त्या निमित्ताने वाटीभर पाणी पोटात जाते, तेवढा फायदा तर रोकडाच. कारण सगळ्यात मोठे औषध पाणीच. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल एवढे पाणी प्यावे. रानात उन्हात राबणाऱ्याने आणखी जास्त. सुश्रुताची घागर ध्यानात ठेवावी. पाणी वाहते राहिले तर गाळ बसत नाही. आणि फराळाच्या दिवसांत चिवडा, शेव, चकलीतल्या मिठाकडे जरा बघावे, कारण मीठ लघवीतले कॅल्शियम वाढवते. ज्यांची मूत्रपिंडे आधीच अधू आहेत त्यांनी मात्र माझ्यासारख्या मास्तरावर न जाता आपल्या डॉक्टरांना विचारावे.

जुने घर आता पडले. मोरीचे पाणी नळीतून गटारात जाते. पण अळूचे दोन कंद मी नव्या घराच्या मागे लावले आहेत आणि ते जोमाने वाढतात. यंदा ऋषिपंचमीला भाजी झाली. सौभाग्यवतींनी हाताला तेल लावले, चिंच घातली, आणि ताटात माझ्यासाठी ताकाची वाटी ठेवली. अण्णांच्या तसबिरीपुढे नैवेद्याचे पान मांडले तेव्हा तीच वाटी उचलून मी त्यांच्या पानावर ठेवली. मुलाने विचारले, "आजोबांना ताक चालत नव्हतं ना?"

मी म्हणालो, "चालत होतं रे. आम्हांला माहीत नव्हतं."